सहावी सूना

घर झाडणे, पुसणे, भांडी घासणे, पाणी भरणे यांत कुणाचा काही अपराध होत असेल, असे आपल्या मनातही येत नाही. ही कामे कंटाळवाणी असतील, कष्टाची असतील, पण निष्पाप आहेत असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडच्या धर्मशास्त्राने मात्र ते गृहीत धरलेले नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, आणि विष्णुस्मृतीतही, गृहस्थाच्या घरात पाच सूना असतात असे सांगितले आहे. सूना म्हणजे जीव मारण्याची जागा, खाटिकखाना. या पाच जागा म्हणजे चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, घरातली साधने (यांत टीकाकार केरसुणी धरतात), उखळ आणि पाण्याचा घडा. चुलीत लाकडाबरोबर किडे जळतात, जात्याखाली आणि मुसळाखाली चिरडतात, केरसुणीखाली मरतात, घड्यात बुडतात. ज्या पाच वस्तूंवाचून घर उभे राहत नाही, त्याच पाच वस्तू वधस्थाने ठरवल्या आहेत. या दोषाच्या निवारणासाठी गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत अशी आज्ञा आहे: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, प्राणिमात्रांसाठी बली आणि अतिथीचा सत्कार. जुन्या घरांत जेवणापूर्वी वैश्वदेव होई, तो याच हिशेबाचा भाग होता.

या कल्पनेकडे किड्यामुंग्यांविषयीची भाबडी कणव म्हणून पाहिले, तर तिच्यातले मोठे विधान हातचे जाते. स्वच्छ, नीटनेटके, चालते घर कुणाला तरी इजा करूनच चालते, ती इजा टाळता येत नाही, आणि टाळता येत नाही म्हणून ती माफही होत नाही, असे ते विधान आहे. चूल पेटवू नका असे शास्त्र म्हणत नाही. ते म्हणते, पेटवा, पण रोज सकाळी तुमच्या नावावर काही चढले आहे हे विसरू नका. घराच्या नीतीविषयी इतका प्रामाणिक विचार मला दुसरीकडे फारसा दिसत नाही. आणि माझे म्हणणे असे की हा विचार आजही खरा आहे, पण त्याने सुचवलेली परतफेड चुकीच्या खात्यावर जमा झाली. ज्या ठिकाणी इजा होते त्याच ठिकाणी ती भरून काढली पाहिजे. घर स्वच्छ ठेवण्याइतकेच ते सगळ्यांसाठी सुरक्षित ठेवणे हीच खरी परतफेड आहे, आणि 'सगळ्यांसाठी' यात घरात राहणाऱ्यांखेरीज आणखीही माणसे येतात.

याच प्रश्नाला जैन परंपरेने निराळे उत्तर दिले. साधूने चूल, जाते, घडा सगळेच सोडायचे, बसण्याआधी जागा मऊ ओघ्याने किंवा मोरपिच्छीने हळुवार झाडून घ्यायची. पण श्रावकाला घर सोडता येत नाही. त्याच्यासाठी जयणा सांगितली, म्हणजे प्रत्येक कृतीत सावधपणा. पाणी दुपदरी कपड्यातून गाळायचे, आणि गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी तिच्याच पाण्यात परत सोडायचे. वैदिक गृहस्थ इजा झाल्यावर प्रायश्चित्त करतो, जैन श्रावक इजा होण्याच्या क्षणी हात आवरतो. मला दुसरी रीत अधिक सरळ वाटते, कारण तिच्यात काम आणि त्याची जबाबदारी एकाच हातात राहते. गाळणे धरणाऱ्यालाच विहिरीपर्यंत जावे लागते.

घरकामाविषयी आणखी एक तात्त्विक अडचण आहे. या कामाला फळ दिसत नाही. आज पुसलेली फरशी उद्या पुन्हा मळते. मीमांसकांनी अशा कर्मांसाठी एक वर्ग केला होता. नित्यकर्म केल्याने काही विशेष मिळत नाही, पण न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. त्यांच्या डोळ्यांसमोर संध्यावंदन होते, केर काढणे नव्हते, पण हे वर्णन केर काढण्याला अधिक चपखल बसते. शंकराचार्यांनी यावर तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात आक्षेप घेतला: न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट निर्माण कशी होईल? नित्यकर्म न करणे हे दोषाचे कारण नाही, आधीच साठलेल्या दोषाची ती खूण आहे. घराच्या बाबतीत हे उत्तर विलक्षण अचूक ठरते. केर न काढल्याने केर तयार होत नाही. तो आपल्या जगण्यानेच तयार होत असतो, आपल्या अन्नाने, कपड्यांनी, केसांनी, पायांनी. न काढल्याने तो फक्त दिसू लागतो. म्हणजे अस्वच्छ घर हा आळसाचा पुरावा असण्याआधी जगण्याचा पुरावा आहे, आणि स्वच्छ घर पाहिले की पहिला प्रश्न हा पडायला हवा की इथल्या जगण्याचा केर कोणी उचलला.

नेमक्या या प्रश्नापाशी मनुस्मृती कच खाते. पाचव्या अध्यायात पत्नीने गृहकृत्यांत दक्ष असावे, घरातली साधने स्वच्छ ठेवावीत असे सांगितले आहे. नवव्या अध्यायात शुचिता, स्वयंपाक आणि घरातल्या सामानाची देखभाल तिच्याकडे सोपवली आहे. याचा अर्थ पाचही वधस्थानांवर दिवसभर तिचा हात आहे. यज्ञ करणारा गृहस्थ मात्र तो आहे. संध्याकाळचा बली तिने द्यावा असे म्हटले, तेही मंत्रावाचून. इजा तिच्या हातून, शुद्धी त्याच्या मंत्राने, असा हा व्यवहार. ज्याच्या हाताला चुलीची धग लागत नाही त्याला दोषमुक्तीचा अधिकार, आणि जिच्या डोळ्यांत धूर जातो तिच्यासाठी फक्त काम. हिशेब बरोबर मांडायचा आणि वसुली भलत्याच जागी करायची, यासारखी फसगत नाही.

मराठी संतपरंपरेत या विभागणीला एक फार मोठे उत्तर आहे. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, ती झाडते तेव्हा केर भरतो. पाच सूनांपैकी दोन, जाते आणि केरसुणी, इथे देवाच्याच हातात येतात. देव दोष धुवायला नंतर येत नाही, काम चालू असताना कामाला लागतो. त्याला भक्तीतले लाडिक कल्पनाचित्र म्हणून सोडून देऊ नये असे मला वाटते. कामाचा वाटा उचलणे हीच शुद्धी, असे प्रतिपादन त्यात आहे. आणि ते ज्या दासीने केले तिला यज्ञाचा अधिकार कधीच नव्हता.

इथे कुणी म्हणेल, ज्या ग्रंथाने माणसांना माणूस मानले नाही त्यातला विचार घ्यायचाच कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या 108 घागरी पाणी त्या तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. ते योग्यच होते, कारण घागरी ओतणाऱ्यांच्या मागे जी व्यवस्था उभी होती तिला त्या ग्रंथाने शब्द पुरवले होते. त्या एका कृतीत पावित्र्य आणि स्वच्छता यांची पूर्ण फारकत दिसते. पाण्यात शेण कालवून ते शुद्ध होते, आणि माणसाच्या ओंजळीने ते विटाळते. याच ग्रंथात घरातला घडा वधस्थान म्हटला आहे. एका किड्याच्या बुडण्याचा दोष ज्यांना कळत होता, त्यांना तहानलेल्या माणसाला पाण्यापासून हाकलण्याचा दोष कळला नाही. म्हणून पंचसूनांचा विचार मी त्या ग्रंथाची बाजू घेण्यासाठी काढत नाही. त्या ग्रंथाविरुद्ध त्याचीच साक्ष काढतो आहे. जो एवढ्या सूक्ष्म इजेची नोंद ठेवू शकत होता, त्याला मोठ्या इजेविषयी अज्ञानाची सबब सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. आता जाते गेले, उखळ गेले, चूल गेली, मग या सूना उरल्या कुठे? उरल्या आहेत, फक्त मरणारा बदलला आहे. चुलीपासूनच पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुले होती. लाकूड, गोवऱ्या, कोळसा जाळून होणारा हा धूर आहे. चूल हे वधस्थान आहे असे म्हणणाऱ्याने लाकडातल्या किड्याकडे पाहिले, फुंकणी धरलेल्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या फुफ्फुसाकडे पाहिले नाही. तिथे होमाचा उपयोग नव्हता. धुराडे, खिडकी, धूर न करणारे इंधन यांचा होता. गॅस आल्यावर धूर गेला, पण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, आणि मुळात त्याला वास नसल्यामुळे त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळलेली असते. तो वास आल्यावर दिवा लावायला किंवा बंद करायलाही बटणाला हात लावायचा नसतो. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचे आणि 1906 या क्रमांकावर कळवायचे. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे, आणि रबरी नळीवर छापलेली मुदत संपली की ती बदलणे, याला मी चुलीचा यज्ञ म्हणेन.

पाण्याच्या घड्याचे तर आणखी स्पष्ट आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची थाळी ही त्याची घरे. अंड्यातून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला आरोग्य खाते सांगते. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून भांडे आतून घासून मगच पुन्हा भरायचे. ज्या समाजाला आठवड्याचे उपास वार चुकवता येत नाहीत, त्याला हे एक व्रत जड जाऊ नये. या व्रतात जीवहत्या आहे, हे मी नाकारत नाही. डासाच्या अळ्या मारल्याच पाहिजेत. इजा टाळता येत नाही हे पंचसूनांचे पहिले म्हणणे आहे. दुसरे म्हणणे जबाबदारीचे आहे, आणि शेजारच्या मुलाला डेंग्यू होऊ न देणे ही इथली जबाबदारी आहे.

केरसुणीची आजची बहीण म्हणजे न्हाणीघरातल्या बाटल्या. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दार लावून, पंखा नसलेल्या चार बाय चारच्या जागेत, जास्त स्वच्छ व्हावे म्हणून दोन्ही एकदम ओतणारी व्यक्ती स्वतःच सूनेत उभी असते. बहुतेक घरांत ही व्यक्ती घरधनी नसते. बाटलीवर सूचना असते, ती बारीक अक्षरात आणि अनेकदा इंग्रजीत. काम करणाऱ्या मावशींना ती कुणी वाचून दाखवली आहे का, हा प्रश्न धर्मचर्चेत क्षुल्लक वाटेल, पण पंचसूना ज्या पातळीवर बोलतात ती पातळी हीच आहे.

तिसरा आक्षेप स्त्रीवादी विचारातून येतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. 1949 मध्ये सिमोन द बोव्हार यांनी घरकामाची तुलना सिसिफसच्या शिक्षेशी केली: तोच दगड, तोच डोंगर, रोज. अशा कामाला यज्ञ म्हटले, व्रत म्हटले की त्यात अडकलेल्या बाईच्या पायातली बेडी सोन्याची होते, सुटत नाही. भारताच्या 2019 च्या कालविनियोग सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या बायांचे प्रमाण 81.2 टक्के निघाले, पुरुषांचे 26.1 टक्के. करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषाचा 97. हे आकडे असताना घरकामाचे माहात्म्य गाणे लबाडीचे ठरेल. ते मी गात नाही. पंचसूनांचा विचार घरकामाला पवित्र करत नाही, उलट त्याला दोषास्पद म्हणतो, आणि तो दोष घरातल्या प्रत्येक जेवणाऱ्यावर टाकतो. जो जेवला त्याच्या नावावर चूल आहे. जो पाणी प्याला त्याच्या नावावर घडा आहे. पत्नी करते, सून करते, म्हणून आपला संबंध नाही असे म्हणण्याची सोय यात उरत नाही. माहात्म्याने बाई कामाला बांधली जाते. कर्जाच्या हिशेबाने पुरुष कामाला बांधला जातो. ज्या घरात मुलाला वयात येईपर्यंत मोरी घासता येत नाही, तिथे त्याच्या मुंजीत शिकवलेल्या नित्यकर्मातून सर्वांत नित्य तेच वगळलेले असते.

आता कामे पैसे देऊन करून घेतली तर? मग आपण सूनांपासून मोकळे झालो असे वाटते. या स्थितीचे शास्त्रात एक जुने रूप आहे. संन्याशाला चूल नसते, म्हणून त्याला पंचसूनांचा दोष नाही. पण त्याची भिक्षा कुणाच्या तरी चुलीवरच शिजते, आणि म्हणूनच गृहस्थाश्रम बाकीच्या आश्रमांना पोसतो असे मनुस्मृतीलाही म्हणावे लागले. संन्याशाने निदान घर, माया, मालकी सोडलेली असते. आपण यातले काहीच सोडत नाही, फक्त हात बाजूला घेतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, तरी पगारी सुट्टी, आजारपणाचे पैसे, ठरलेले वेतन या गोष्टी अजून मालकिणीच्या स्वभावावर सोपवलेल्या असतात. चहाचा कप वेगळा, लिफ्ट वेगळी, आणि खिडकीची काच बाहेरून पुसायला सांगताना मागे काय आधार आहे याची चौकशी नाही. सोवळे मोडले असे म्हणणाऱ्या घरांत ते अशा ठिकाणी शाबूत आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, हळदकुंकू वाहून तिला लक्ष्मी म्हणतो, एरवीही पाय लागला तर नमस्कार करतो. शिंदीच्या पानांची ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग कारागिरांच्या हातची असे. त्या हातांना उंबऱ्याबाहेर ठेवून त्यांनी बांधलेल्या वस्तूला देव्हाऱ्यापाशी नेण्यात जी विसंगती आहे, ती पूजेने मिटत नाही. तिच्याविरुद्ध एक अगदी साधा उपाय मला जास्त धार्मिक वाटतो. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लोकांना सांगितले की वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. बस्स, एक ठिपका. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडी उघडून पाहावी लागू नये, एवढाच हेतू. अतिथीचा सत्कार हा पाचवा यज्ञ न पाहिलेल्या माणसासाठी केला तर तो असा दिसेल. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर लिहिणे, इंजेक्शनची सुई डब्यात बंद करणे ही त्याच जातीची कामे आहेत.

राहिली सहावी सूना, जी त्या यादीत नाही. जुन्या शास्त्राने मलमूत्र घरापासून दूर करायला सांगितले, म्हणून घरातल्या वधस्थानांत शौचकूप मोजण्याची वेळच आली नाही. आज तो निजायच्या खोलीला लागून आहे, पांढऱ्याशुभ्र टाइल्सचा, सुवासिक, घरातली सर्वांत लखलखीत खोली. त्याची दुसरी बाजू इमारतीच्या मागे जमिनीखाली आहे. सेप्टिक टँकमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणून उतरणाऱ्याला वाटते की आता वास गेला, धोका नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. 2013 च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी टाकीत किंवा गटारात उतरवणे गुन्हा ठरवले, आणि ती बंदी पालिकेवर आहे तशी कोणत्याही व्यक्तीवरही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 30 लाखांवर नेली. तरी टाकी तुंबली की सोसायटीचा सेक्रेटरी ठेकेदाराला फोन करतो, ठेकेदार कुणाला पाठवतो हे विचारत नाही, आणि दर कमी मिळाला याचे सभेत कौतुक होते.

माझा आणि त्या टाकीचा काय संबंध, ती तर घराबाहेर आहे, असे म्हणता येईल. पण घड्यातले पाणी जिथून आले ती विहीर घराबाहेरच होती, आणि जैन श्रावक गाळण्यावरचे जीव घेऊन तिथपर्यंत जात होता. घराची हद्द आपल्या दाराशी संपत नाही, आपल्या वापराचा परिणाम जिथे कुणाच्या अंगावर पडतो तिथपर्यंत ती जाते. ज्या फ्लॅटच्या नळातून पाणी खाली सुटते, त्या प्रत्येक फ्लॅटचा त्या टाकीत वाटा आहे, मेंटेनन्सच्या पावतीवर असतो तसाच. म्हणून वार्षिक सभेत विचारायचे ते हे: टाकी यंत्राने उपसली जाते का, माणूस आत उतरणार नाही असे ठेकेदाराने लिहून दिले आहे का, आणि उपसा चालू असताना तिथे सोसायटीचे कोण उभे असते. यंत्राचे पैसे जास्त पडतात ही तक्रार येईल. ते पैसे प्रत्येक घराने भरायचे आहेत, आणि जे घर आपला संडास सर्वांत चकचकीत ठेवते त्याने तर आढेवेढे न घेता.